चित्राखालच्या तीन ओळी

खळ कशी करायची ते आधी सांगते, कारण खळ नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी म्हणून राहू द्यायची नाही, आणि मग पातेलं स्टोव्हवर ठेवून ढवळत बसायचं. हात थांबला की खाली लागलीच. शिजत आली की ती भप्‌ भप्‌ असा आवाज करते आणि घरभर एक गोडसर वास सुटतो. शेवटी त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे उंदीर-झुरळं तोंड लावत नाहीत. पण मोरचूद विषारी. आई ज्यांची पाकिटं या खळीने चिकटवायची ते प्रेसचे शेठ दर खेपेला विचारायचे, "बाई, मोरचूद डालती हो ना?" आई मान डोलवायची, आणि घरी येऊन घालायची नाही. "पोरं हायत घरात, कुत्रं हाय. शेठच्या उंदरांची काळजी शेठनं करावी," असं तिचं म्हणणं. शेठने मग उंदरांची काळजी केली, म्हणजे प्रेसमध्ये मांजर ठेवलं. त्या मांजराशी माझा काय संबंध आला, तेच मला या प्रकरणात लिहायचं आहे.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पश्चिमेला विहाराच्या मागच्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे पडवी. बाबा रंगाच्या कंपनीत होते. संध्याकाळी ते जेवायला बसले की नखांवरून कळायचं, या आठवड्यात कंपनीत कुठला रंग चाललाय. पिवळा असला की आई म्हणायची, "हळदीचा नवरा आला." आमचं मूळ सातारकडचं, आईच्या बोलण्यात ते शेवटपर्यंत राहिलं. घराला हातभार म्हणून ती लग्नपत्रिकांची पाकिटं चिकटवायची. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात लछूशेठ म्हणून सिंधी गृहस्थांचा छापखाना होता, तिथून कागदाचे कापलेले गठ्ठे आणायचे आणि चिकटवून परत द्यायचे. मी अकरावीला नापास होऊन घरी बसलेली, वय सतरा. त्यामुळे टांग्यातून गठ्ठे न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे होतं. दुपारी पडवीत चटई टाकून आम्ही मायलेकी बसायचो. बोटांवर खळ वाळून तिची सालं निघायची, आणि ती सालं खायला आमचे दोन मानकरी हजर असायचे.

एक खळ्या. मागचा एक पाय उचलून चालणारा, मातकट रंगाचा कुत्रा. तो आमच्याकडे आला तो खळीच्या वासानेच, आणि पातेलं चाटून पुसून जो बसला तो बसलाच. दुसरी आक्का. ती कोंबडी. आक्काने अंडी देणं बंद केल्यावर बाबा एका शनिवारी म्हणाले, "आता काय ठेवलंय तिच्यात? उद्या करू." आई पाकीट दुमडत होती. मान वर न करता म्हणाली, "अंडी देत न्हाई म्हनून कापायची? मग मी बी आता पोरं देत न्हाई." बाबांनी उठून बाहेर जाऊन बिडी पेटवली. आक्का पुढे चार वर्षं जगली, आणि बाबांच्याच चपलेत बसायची.

पाकिटं चिकटवताना काही वाकडी जायची, वाया जायची. त्यांच्यावर मी चित्रं काढायचे. मला कुणी शिकवलं नाही. शाळेत चित्रकलेचे सर होते ते वहीवर फुली मारण्यापुरते. मी काढायचे ते समोर दिसेल ते. खळ्या पातेल्यात तोंड घालून बसलाय, आक्का बाबांच्या डब्यावर चढलीय. असंच एक पाकीट चुकून चांगल्या गठ्ठ्यात गेलं, आणि एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या पत्रिकांमध्ये सापडलं. शेठने बोलावणं पाठवलं तेव्हा आईचा चेहरा उतरला. काम गेलं असंच आम्हाला वाटलं. शेठ खुर्चीत बसलेले, समोर ते पाकीट. "ये मुर्गी किसने बनाई?" मी म्हटलं, मी. तर म्हणाले, "पार्टी बोली, पत्रिका से अच्छी तो मुर्गी है." आणि हसले. मग आतून पापड आणि पाणी आलं. सिंधी घरात कुणी आलं की आधी पापड-पाणी येतं, हे मला तेव्हा कळलं. तो पापड मी भीतीने हातातच धरून बसले होते.

लछूशेठ एक मराठी साप्ताहिक काढायचे. चार पानी. नगरपालिकेच्या नोटिसा मराठीत छापाव्या लागत, त्या आपल्या प्रेसला मिळाव्यात म्हणून ते काढलेलं. गंमत अशी की शेठना स्वतःला मराठी धड वाचता यायचं नाही. सिंधमधून लहानपणी आलेले, शिकले ते दुसऱ्याच लिपीत. त्यांचं साप्ताहिक म्हणजे शब्दशः भोईरकाका होते. काका वांगणीचे, घरची थोडी शेती. रोज गाडीने यायचे आणि दिवसभर खिळे जुळवायचे. आताच्या मुलांना खिळे म्हणजे काय ते सांगावं लागेल. शिशाचं एकेक सुटं अक्षर, त्यातून एकेक उचलून ओळ बांधायची, तीही उलटी, म्हणजे छापल्यावर सुलटी दिसते. काका लाकडी खान्यांच्या घोडीसमोर उभे असायचे, एक पाय जमिनीवर आणि एक विटेवर. दिवसभर उभं राहून कंबर धरते म्हणून ती वीट. दोन तासांनी पाय बदलायचे. मागे छपाईचं ट्रेडल मशीन खटक्‌-सूं, खटक्‌-सूं चालू. आणि जी अक्षरं फारशी लागत नाहीत त्यांच्या खान्यावर काजळी झोपलेली असायची.

काजळी म्हणजे तेच ते उंदरांसाठी ठेवलेलं मांजर. काळी कुळकुळीत, छातीवर बोटभर पांढरं. ठेवलं शेठनी, पण पाळलं काकांनी. खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून ते रोज वांगणीहून दूध आणायचे आणि विटेशेजारी एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी होती, कड चेपलेली, तीत ओतायचे. मशीनवाला पाय लागतो म्हणून कुरकुरायचा. काका म्हणायचे, "तू बघून चाल. ती तुझ्या आधीपासून कामाला हाय."

शेठच्या डोक्यात आलं की साप्ताहिकात कोपऱ्यात एक चित्रमाला असावी. खळ्या, आक्का आणि काजळी, तिघांच्या गप्पा. नाव ठेवलं ‘घरची मंडळी’. मला तर रात्रभर झोप नाही. पण चित्र छापायचं तर जस्ताचा ब्लॉक करावा लागायचा, तो मुंबईहून करून आणायचा, महागाचं काम. शेठने पाच ब्लॉक करून दिले आणि हात जोडले. बसलेला खळ्या, उभा खळ्या, आक्का, झोपलेली काजळी आणि डोळे वटारलेली काजळी. बस. त्या पाचांतून दर आठवड्याला चार निवडून ओळीने लावायचे. चित्रं तीच, चेहरे तेच, बदलायचे ते फक्त खालचे शब्द. आता विचार करा, अशा चित्रमालेचा जीव कशात असणार? मला मात्र ते तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, चित्रं माझी म्हणजे सगळं माझं.

मी घरून शब्द लिहून न्यायचे, पाकिटाच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. पहिल्याच अंकासाठी मी आक्काच्या तोंडी लिहिलं होतं, "मला सकाळपासून फार भूक लागलेली आहे, परंतु आई पाकिटे चिकटवण्यात इतकी गुंग आहे की तिचे माझ्याकडे लक्षच नाही, आणि खळ्या मात्र पोटभर खळ चाटून पडवीत झोपलेला आहे." अंक हातात आला. आक्काच्या खाली छापलं होतं, "आई कामात. खळ्या झोपेत. मी उपाशी." मी अंक घेऊन तशीच प्रेसवर गेले. काकांनी डोळे खान्यातून काढले नाहीत. "बाय, या चित्राखाली तीन ओली मावतात. आन्‌ कोंबरी हाय ती, वकील नाय." मशीनवाला एवढा हसला की त्याचा कागद तिरका गेला. मी रडत टांग्यात बसले.

दर आठवड्याला हेच. मी पानभर न्यायचे, छापून यायच्या तीन ओळी. चाळीत मात्र कौतुक सुरू झालं. बाबा जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवायचे, आई हातातलं पाकीट खाली ठेवून हसायची. शेजारच्या बायका नळावर मला "आक्का" म्हणायला लागल्या. मी हसून घ्यायचे आणि आतून जळायचे. कारण ज्या शब्दाला त्या हसल्या तो माझा नसायचा. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर कौतुक जाणार, नाही सांगितलं तर ते रोज उसनं घ्यायचं. सतरा वर्षांच्या मुलीच्या मनात केवढा अहंकार मावतो, आज बघते तर मलाच नवल वाटतं.

मग तो अंक आला. खळ्या काजळीला विचारतो, तुझं घर कुठलं गं? याचं उत्तर मी फार मन लावून लिहिलं होतं. शाळेतल्या निबंधासारखं. "मी छापखान्यात राहते, परंतु छापखाना हे काही घर नव्हे, कारण जिथे आपली वाट पाहणारी माणसे असतात, ज्यांना आपल्या पोटाची काळजी असते आणि जिथून आपल्याला कोणी हाकलून देत नाही, तेच खरे घर होय, असे मला वाटते." पाच ओळी भरतील एवढं. झोपलेल्या काजळीच्या खाली छापून आलं:

"जिथं माझी वाटी पालथी घालत नाहीत, ते माझं घर."

त्या आठवड्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आई हसली नाही. बाबांना म्हणाली, पुन्यांदा वाचा. आमच्या शेजारी नवीन लग्न होऊन आलेली सून होती, सासरी तिचे हाल चालायचे ते भिंतीतून आम्हाला ऐकू यायचं. तिने तो चौकोन कापून आपल्या आरशामागे ठेवला होता, ते आईने पाहिलं. दोन-तीन घरांत तर चुलीपाशी डकवलेला मी स्वतः पाहिला. आणि शेठचं बोलावणं आलं.

या वेळी शेठ उठून उभे राहिले. पापड-पाणी आलं. त्यांनी ती ओळ कुणाकडून तरी वाचून घेतली होती, अर्थ करून घेतला होता. म्हणाले, "बेटा, हम निकले ना उधर से, तो माँ ने सब बर्तन धोके उल्टे रखे. थाली, कटोरी, सब. मैं छोटा था, मैं बोला, माँ उल्टे क्यों? बोली, धूल नहीं बैठेगी, वापस आके खाना बनाना है. ताला लगाया, चाबी इधर बाँधी." त्यांनी कमरेला हात लावून दाखवलं. मग म्हणाले, "तू इतनी छोटी है. तूने ये कैसे लिखा?"

मागे खटक्‌-सूं चालू होतं. काका विटेवर पाय ठेवून उभे होते, आमच्याकडे पाठ. मला तेव्हा दोन शब्द बोलता आले असते. "काकांनी लिहिलं." बस, एवढंच. तेही खरंच झालं असतं. पण मी काय बोलले ते ऐका. मी म्हणाले, "मैंने ऐसा नहीं लिखा था. मैंने अच्छा लिखा था. काका हर बार मेरा बदल देते हैं. पूछते भी नहीं."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण मी चहाडी केली.

शेठचा चेहरा बदलला. आधी मला वाटलं, माझी बाजू घेतायत. "हर बार?" मी मान हलवली. "और क्या क्या बदलता है?" तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की त्यांच्या मनात आक्का नाही, नगरपालिकेच्या नोटिसा आहेत. कराच्या, सुनावणीच्या, घरं पाडायच्या. त्यातला एक आकडा हलला तर प्रेस बंद पडेल. आणि त्या माणसाला स्वतःला ते वाचता येत नव्हतं.

काकांना बोलावलं. काका फडक्याला हात पुसत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोटिशीला मी कधी हात नाय लावला, शेठ. कोंबरीला लावला."

मशीनवाला हसला नाही.

"मुझे क्या मालूम?" शेठचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मैं पढ़ सकता हूँ क्या? इतने साल तुम्हारी आँख से पढ़ा मैंने, काशिनाथ." मी कितीदा मनात म्हटलं, बोला, सांगा की मी पोरगी मूर्ख आहे, पानभर लिहिते, मावत नाही. ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. हातातला पापड माझ्या मुठीत चुरा झाला होता. काकांनी चष्मा खिशात घातला, बाटली पिशवीत ठेवली, झोपलेली काजळी खान्यावरून उचलली आणि तीही कापडी पिशवीत घातली, तोंड बाहेर ठेवून. जाताना माझ्यापाशी थांबले. "पुढल्या हप्त्याचं लिहून आनलंस काय? ठेव तिथं घोडीवर." आणि गेले.

पुढच्या आठवड्यापासून माझे शब्द जसेच्या तसे छापून यायला लागले. काकांच्या जागी आलेल्या नव्या कंपोझिटरला हौस नव्हती, लिहिलं तसं लावायचा, मावत नसलं की बारीक खिळे वापरायचा. मुंगीएवढी अक्षरं. बाबा वाचायला घ्यायचे आणि मध्येच त्यांचा दम संपायचा. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "तुझी कोंबडी लई बोलती गं हल्ली." नळावर कुणी काही म्हणेना. मी गठ्ठे पोचवायला प्रेसवर गेले तेव्हा विटेशेजारी ती जर्मनची वाटी धुऊन पालथी घातलेली होती. कुणी मुद्दाम घातली असं नाही. धुऊन ठेवलेलं भांडं पालथंच घालतात. पण मी ती बघितली आणि तिथेच खाली बसले. मग कुणाचं लक्ष नाही बघून उचलली आणि पाकिटांच्या गठ्ठ्यात घालून घरी आणली.

आईने वाटी बघितली. "ही कुठली?" मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं. आईने विचारलं, "तू खोटं बोललीस का शेठपाशी?" मी म्हटलं, नाही. "मग रडतीस कशाला?" तिने खळीचं पातेलं खळ्यापुढे सरकवलं, हात धुतले आणि म्हणाली, "रविवारी वांगनीला जाऊ. पोळी-भाजी बांधून घे, कुणाच्या दारात उपाशी जाऊ न्हाई."

वांगणी तेव्हा स्टेशन सोडलं की शेतंच. आता तिथे इमारती झाल्यात, स्वस्त घरांच्या जाहिराती मी बदलापूरला माझ्या गॅलरीतून दिसणाऱ्या फलकांवर वाचते. काका वांग्याच्या वाफ्यात होते. आम्हाला बघून हात झटकत आले, काही विशेष घडलंच नाही अशा आवाजात बायकोला म्हणाले, "प्रेसवाली बाय आली, तिची आय पन हाय. भाकऱ्या टाक." काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढलं. आमची पोळी-भाजी तशीच पिशवीत राहिली. जेवण झाल्यावर मी पिशवीतून वाटी काढली. म्हटलं, "काजळीसाठी आणलीय."

काकांनी वाटी हातात घेतली. चेपलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "पलाली ती," ते म्हणाले. "दोन दिस हितं होती. तिसऱ्या दिवशी सकाली नाय दिसली. मना वाटलं प्रेसवर गेली असंल. आली काय गो तिकडं?"

वांगणीपासून उल्हासनगर. मध्ये बदलापूर, अंबरनाथ, रूळ, नदी. मी म्हटलं, "नाही."

काकू आत गेल्या आणि थोडं दूध घेऊन आल्या. काकांनी वाटी उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला लागून, सुलटी ठेवली आणि त्यात दूध ओतलं. आई पदर डोळ्याला लावून दुसरीकडे बघत होती. मी माफी मागायला गेले होते. चार दिवस मनात वाक्यं जुळवली होती, चांगली लांब लांब. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी फक्त पुढच्या अंकाचा कागद पुढे केला.

त्यांनी तो वाचला. मग कानावरची पेन्सिल काढली. शेतात असूनही त्यांच्या कानावर पेन्सिल होती. ते एकेक शब्द खोडत गेले, हळूहळू, वांग्यावरची कीड वेचावी तसे. खोडताना पहिल्यांदाच त्यांनी मला सांगितलं, हा का गेला, तो का राहिला. "हे बघ, खल्या बसलाय म्हनून लिवलंस. कशाला? चित्रात तो बसलेलाच हाय ना? मानसाला दिसतंय ते परत सांगायचा नाय." कागद परत दिला तेव्हा तीन ओळी राहिल्या होत्या. त्या वेळी पहिल्यांदा मला दिसलं की त्या तीनही ओळींतले शब्द मीच लिहिलेले होते. माझ्याच गर्दीत हरवलेले.

मी सोमवारी शेठकडे गेले. म्हटलं, नोटिशीत त्यांनी कधीच काही बदललं नाही, बदललं ते माझं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. शेठ म्हणाले, "मैंने पूछताछ की. सब नोटिस बराबर थी." मग त्यांना परत बोलवा ना, असं मी म्हणणार तोच म्हणाले, "बोला था आने को. मैं खुद गया था. वो नहीं आया." मी म्हटलं, मी चित्रमालेचे शब्द वांगणीला नेऊन दाखवणार आहे, दर रविवारी. शेठने कानावर हात ठेवले. "मैंने कुछ सुना नहीं." आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "पापड लाओ."

सहा वर्षं मी रविवारी वांगणीला गेले. माझं लग्न ठरलं तेव्हाही मी अट घातली होती की रविवारचं मला विचारायचं नाही. काका प्रेसमध्ये पुन्हा आले नाहीत. ते माझ्यावर रागावले होते का, मला कळलं नाही. त्यांनी मला माफ केलं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. वाटी उंबऱ्याशी सुलटीच असायची. काजळी काही आली नाही. गावातली दुसरी मांजरं दूध पिऊन जायची, काका त्यांना हाकलायचे नाहीत. खळ्या गेला, आक्का गेली, तरी चित्रमालेत ते बोलतच होते, कारण ब्लॉक तेच होते. एकदा मी काकांना म्हटलं, तुमचं नाव टाकू का चित्राच्या खाली? चित्रे माझी, शब्द तुमचे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नाव टाकलंस तर एक ओल जाईल. मंग मांजर बोलंल कवा?"

मी ते ऐकलं. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला सोपं गेलं. पुढे काका गेले, साप्ताहिक बंद पडलं, माझं नाव मागे राहिलं.

गेल्या महिन्यात अंबरनाथच्या वाचनालयात माझा सत्कार झाला. मागे मोठा फलक, त्यावर झोपलेली काजळी, माझ्या जुन्या ब्लॉकवरून काढलेली. खाली ती वाटीची ओळ आणि त्याखाली माझं नाव. भाषण करणाऱ्यांनी ती ओळ तीनदा म्हटली. पहिल्या रांगेत एक म्हातारी होती, मी ओळखलं नाही, तीच पुढे आली. आमच्या शेजारची ती सून. पर्समधून प्लास्टिकमध्ये घातलेला कागदाचा चौकोन काढून दाखवला, पिवळा पडलेला. म्हणाली, "सुजाताताई, याच्यावर मी दिवस काढले हो." मी तिचे हात धरले. शाल घेतली, नारळ घेतला, "धन्यवाद" म्हटलं. रिक्षात नात म्हणाली, "आजी, सतरा वर्षांची असताना तुला ही लाइन सुचली कशी?" मी बाहेर बघत राहिले. तिचं तेव्हापासून दोनदा विचारून झालंय.

एकदा मी खरं बोलले होते ते चहाडी म्हणून. नंतर इतकी वर्षं गप्प बसले ते काकांनीच नको म्हटलं या सबबीवर. पण काकांची अडचण जागेची होती. या पानावर ओळींना तोटा नाही. तेव्हा नातीसाठी, आणि त्या पिवळ्या कागदवाल्या बाईसाठी लिहून ठेवते. ती ओळ काशिनाथ गोमा भोईर, राहणार वांगणी, यांची आहे.

मांजर तेवढं मी काढलं होतं.